गल्लीतल्या कुत्र्यांवर तुटून पडणं: महिनाभर बरं, मग पुन्हा तेच, असं का होतं?

"ताई, घरात एकदम शहाणा आहे. बस म्हटलं की बसतो, शेकहँड देतो, पोराबाळांशी खेळतो. पण पट्टा लावून बाहेर काढला आणि समोर दुसरं कुत्रं दिसलं, की काहीच ऐकून नाही राहिला."

नागपुरात कुत्रा पाळणाऱ्यांकडून माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. आणि बहुतेक वेळा ती पहिल्यांदा उद्भवलेली नसते. खाऊ देऊन शिकवायचा प्रयत्न झालेला असतो, फरकही पडलेला असतो, महिना-दीड महिना छान गेलेला असतो. मग एक दिवस कोपऱ्यावर पुन्हा तोच गोंधळ, आणि दुसऱ्या दिवसापासून आधीपेक्षाही जास्त. घरातले म्हणतात, खाऊची पद्धत आमच्या कुत्र्याला लागू पडत नाही, आता चोक चेनच, म्हणजे ओढलं की गळा आवळणारी साखळी, आणावी लागते.

जरा थांबा. पद्धत लागू पडली होती म्हणूनच तर तो महिना बरा गेला. मधल्या काळात काय बदललं ते शोधायचं आहे, आणि ते फार वेळा एकाच ठिकाणी सापडतं: तुमचं कुत्रं आणि समोरचं कुत्रं यांच्यातलं अंतर कमी झालेलं असतं. कधी आपण घाईने कमी करतो, कधी रस्ता, ऋतू किंवा घरातली गडबड आपल्या नकळत कमी करते.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

वागणं दोन-चार दिवसांत अचानक बिघडलं असेल तर शिकवण्याचा विचार नंतर. कान ठणकत असेल, कंबर धरली असेल, दात दुखत असेल तर कुत्रं कोणालाच जवळ येऊ देत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असतो, आणि गोचीडताप अंगात असलेलं कुत्रं मलूल तरी होतं नाहीतर चिडचिडं. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सला १९५८ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं. दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही चिकन दिलं तरी त्याची भीती जात नाही.

तो भुंकतो कशासाठी

दोन मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा सरळ तोंडासमोर येत नाहीत. वळसा घेतात, मान फिरवतात, मध्येच जमीन हुंगतात, बाजूने येऊन वास घेतात. पट्ट्यातल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. महाल किंवा इतवारीतल्या अरुंद गल्लीत तर त्याला सरळ रेषेत समोरच्याच्या अंगावर चालत जावं लागतं, आणि वरून गळ्याला ताण. मग त्याच्याजवळ आवाज तेवढा उरतो.

त्या आवाजामागे साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे भीती, "तू तिकडेच राहा." गल्लीतल्या टोळीने कधीतरी घेरलेलं कुत्रं बहुधा या गटातलं. दुसरी म्हणजे तडफड: जाऊन भेटायचं आहे आणि पट्टा जाऊ देत नाही. लहानपणी दिसेल त्या कुत्र्याला भेटू दिलेला लॅब्रेडोर मोठेपणी असा ओढताना दिसतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. सुरुवातीचा उपाय दोन्हींचा एकच असल्यामुळे ते नक्की कोणतं, यावर डोकं खर्च करू नका.

भुंकण्याने त्याला काय मिळतं ते मात्र नीट बघा. गल्लीतलं कुत्रं स्वतःच्या हद्दीच्या टोकापर्यंत येतं आणि तिथून परत फिरतं. तुमच्या कुत्र्याला वाटतं, आपण भुंकलो म्हणून गेलं. ते नाही गेलं, तर तुम्ही पट्टा खेचून त्याला लांब नेता. तरीही अंतर वाढलंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत ठेवलेल्या मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं, की ज्या कृतीचा परिणाम हवासा असतो ती कृती पुन्हा पुन्हा होते. तुमचं कुत्रं रोज सकाळ-संध्याकाळ भुंकत असेल तर रोज दोनदा त्याचा सराव होतो आहे आणि दोन्ही वेळा यश मिळतं आहे. म्हणून पहिलं काम भुंकणं थांबवण्याचं नाही, भुंकायची वेळच येणार नाही अशी सोय करण्याचं आहे.

"दोन फटके द्या, बॉस कोण ते कळू द्या"

हे कोणी ना कोणी सांगतंच. शेजारचे काका सांगतात, सकाळी फिरणारे सांगतात, कधी पैसे घेणारा ट्रेनरही सांगतो. यामागचा वर्चस्वाचा विचार आला तो लांडग्यांच्या अभ्यासातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं लिहिली, त्यावरून टोळीत सतत सत्तेची मारामारी चालते असा समज पसरला. हा समज पुढे लोकांपर्यंत नेण्यात ज्यांच्या लिखाणाचा वाटा होता, त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातली टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. शिवाय आपलं कुत्रं लांडगा नाही, आणि कोपऱ्यावर भुंकताना ते तुमच्याकडे बघतसुद्धा नसतं. तुम्हाला आव्हान देण्याचा प्रश्नच कुठे येतो?

पट्ट्याला झटका दिल्याने काय होतं ते सांगते. समोर कुत्रं दिसलं, आणि गळ्याला कळ आली. असं वीस वेळा झालं की समोरचं कुत्रं म्हणजे गळ्याची कळ, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. भीती वाढते. काही कुत्री गप्प होतात, घरच्यांना वाटतं सुधारला. पण गुरगुरणं ही त्याची सूचना होती, ती तुम्ही बंद केलीत. पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात धाक-शिक्षेच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तेही जास्त वाढलेलं आढळलं. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली, की सगळ्या कुत्र्यांना, आक्रमक वागणाऱ्यांनासुद्धा, बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं. चोक चेन, काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा यांतलं घरात काही असेल तर काढून टाका. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा पुरतो. बटण दाबलं की लांब होणारा पट्टा या कामाला नको.

अंतर कसं ओळखायचं

मनीषनगरातल्या एका घरचा मोती, देशीच, अंगाने भरलेला. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा ठेला आणि ठेल्याखालच्या सावलीत दोन कुत्र्या कायमच्या पसरलेल्या. मोतीला घेऊन काका फाटकातून निघायचे तेव्हाच पट्ट्याचे दोन वेढे मुठीला घेतलेले असायचे. मोतीचं तोंड घरातून निघताना उघडं, जीभ बाहेर. फाटकाची कडी वाजली, त्याने ठेल्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. कान पुढे आले, वजन पुढच्या पायांवर गेलं, शेपटी वर जाऊन ताठ झाली. दोन सेकंदांनी तो पट्ट्याच्या टोकाला, मागच्या पायांवर उभा.

ते तोंड मिटणं लक्षात ठेवा. प्रत्येक कुत्र्याची खूण थोडी वेगळी असते. कोणी ओठ चाटतं, कोणी एकदम गोठतं, कोणी जांभई देतं. पण भुंकण्याआधी काहीतरी असतंच. ज्या अंतरावर कुत्रं समोरच्याला बघतं आणि तरी तोंड सैल राहतं, ते तुमचं कामाचं अंतर. मोतीसाठी ते ठेल्यापासून तीन विजेचे खांब लांब निघालं. घराचं फाटक होतं एका खांबावर. म्हणजे बिचारा घराबाहेर पाऊल टाकतानाच हाताबाहेर गेलेला असायचा, आणि काका त्याला तिथे "बस, बस" म्हणत असायचे. मागच्या बोळातून बाहेर काढायला लागल्यावर अर्धी भुंकाभुंक शिकवण्याआधीच थांबली.

अंतर तपासायला खाऊसारखं साधन नाही. खाऊ नाकाशी धरला तरी बघत नाही, याचा अर्थ फार जवळ आलात. घेतो, पण बोटं सोलून काढल्यासारखा ओरबाडतो, तरी जवळच. हळू घेतो, चावतो, पुन्हा इकडे-तिकडे बघतो, तर बरोबर जागी उभे आहात. मीटरमध्ये मोजू नका. खांब मोजा, फाटकं मोजा, उभ्या गाड्या मोजा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ते सांगता येतं.

प्रत्यक्ष करायचं काय

कुत्रं लांबून दिसू द्या. तुमचा कुत्रा त्याच्याकडे बघेल. बघितल्याबरोबर एक ठरलेला शब्द म्हणा, "येस" किंवा "हां", एकच, रोज तोच. "शाब्बास" नको, तो दिवसभरात फार वेळा कानावर पडतो. शब्द म्हणून झाल्यावरच हात खिशात घाला, खाऊ काढा आणि तुमच्या गुडघ्याजवळ द्या, म्हणजे त्याचं तोंड आपोआप तुमच्याकडे वळेल. तो खाईल, पुन्हा तिकडे बघेल, पुन्हा शब्द, पुन्हा खाऊ. असं चार-पाच वेळा झालं की वळून चालू लागा. समोरचं कुत्रं दिसेनासं झालं की खाऊ बंद.

यातला क्रम फार महत्त्वाचा. आधी कुत्रं दिसलं पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. इव्हान पावलोव्ह यांच्या कुत्र्यांना खुणेने लाळ सुटू लागली ती खूण आधी आणि अन्न नंतर आल्यामुळे. उलट क्रमाने ही सांगड नीट बसत नाही. तुम्ही घाबरून आधीच खिशात हात घातला, खाऊ दाखवत त्याला पुढे नेलं, तर काही दिवसांत तो खाऊच्या वासानेच सावध होतो, की आता कुठूनतरी कुत्रं येणार. पद्धत बिघडल्याच्या कितीतरी तक्रारी इथेच सुटतात.

असं शांतपणे करत राहिलात की एक दिवस तो समोर बघतो आणि तुम्ही शब्द म्हणायच्या आत स्वतःहून तुमच्याकडे मान वळवतो. तेव्हा एक तुकडा देऊ नका, चार द्या, एकामागून एक. मान वळवणं दोन-तीन वेगवेगळ्या जागी सहज व्हायला लागलं, की मग अंतर थोडं कमी करा, खांबाच्या चौथ्या हिश्शाएवढं. एकदम अर्धं नाही.

खाऊ साधाच हवा पण त्याला मनापासून आवडणारा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, अंडं, उकडलेली कलेजी थोडी. तुकडा वाटाण्याएवढा. रोजच्या जेवणातून तेवढं कमी करा. बिस्किटं घरात बसायला शिकवताना चालतात, ठेल्याखालच्या कुत्र्यांपुढे चालत नाहीत. सावजी रश्श्यातले तुकडे धुऊन देणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका, त्यात कांदा-लसूण उतरलेला असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्ताला घातक. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नाही.

बरं झालेलं उलटतं तेव्हा

अंतर घाईने कमी केलं, हे पहिलं कारण. दोन आठवडे भुंकला नाही म्हटल्यावर घरच्यांना वाटतं झालं आता, आणि तीन खांबांवरून थेट ठेल्यासमोरून नेतात. उपाय सोपा आहे: शेवटचं जिथे सहज जमत होतं त्या अंतरावर परत जा. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, दुसऱ्या वेळी कुत्रं लवकर शिकतं.

दुसरं कारण आपल्याकडे फार मोठं आहे आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: ऋतू. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली की भाद्रपद लागतो, आणि भाद्रपद म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा काळ. एका कुत्रीमागे पाच-सहा कुत्रे, परक्या गल्लीतले पण, रात्रभर भांडणं. ज्या गल्लीत कालपर्यंत झोपलेली दोन होती तिथे आता जागी आठ आहेत. तुम्ही त्याच खांबाशी उभे आहात, पण तुमच्या कुत्र्याच्या हिशेबाने अंतर निम्मं झालं. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी कुत्र्या वितात. थंडीत नाल्याकडेला, गाडीखाली पिल्लं असतात आणि एरवी गरीब असलेली आई पन्नास पावलांवरून धावून येते. म्हणून भाद्रपदापासून संक्रांतीपर्यंत अंतर आपणहून दुप्पट करा, रस्ता बदला, आणि या काळात नवीन प्रगतीची अपेक्षा धरू नका. टिकवलं तरी खूप आहे.

याच महिन्यांत घराबाहेरचा गोंगाटही सगळ्यात जास्त. मारबतीचे ढोल, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, दसऱ्याची गर्दी, मग दिवाळीचे फटाके. ताण एका घटनेनंतर लगेच उतरत नाही, तो साचतो. माठ काठोकाठ भरला की वरून पडलेलं फुलपात्रभर पाणीही सांडतं, तसं त्या दिवशी लांबचं एक मरतुकडं कुत्रंही त्याला पुरतं. रात्रभर फटाके वाजले असतील तर सकाळी शिकवू नका. दोन दिवस फक्त गच्चीवर किंवा अंगणात हुंगू द्या, घरात खेळवा. शी-सू पुरतं बाहेर न्या आणि परत आणा.

मग उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, नवतपा लागला की सकाळी आठलाच डांबर तापायला लागतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, सहन झाली नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही सहन होणार नाही. म्हणून लोक फिरवणं पहाटेवर नेतात, आणि पहाट म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यांची सर्वांत जागी वेळ. उन्हापासून वाचवलं आणि टोळीच्या तोंडी दिलं, असं होतं. त्यापेक्षा शक्य असेल तर गाडीत घालून सिव्हिल लाइन्ससारख्या रुंद रस्त्याच्या भागात न्या, जिथे लांबून दिसतं आणि वळायला जागा असते. शक्य नसेल तर काही दिवस फिरणं कमी करा. कुलरसमोर जुनी चटई पसरा, तिच्या घड्यांत त्याचं जेवण लपवून हुंगायला लावा. चांगलं हुंगलेलं कुत्रं दमतं, निवांत झोपतं. रोज फिरवलंच पाहिजे हा आग्रह भेदरलेल्या कुत्र्यासाठी योग्य नाही.

उन्हाळ्यातलं हे थांबणंही एक कारण आहेच. मृगाचा पाऊस पडून गेला, हवा गार झाली की लोक एप्रिलमध्ये जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करतात. मधल्या दोन महिन्यांत कुत्रं काही विसरलेलं असतं, गल्लीत नवी कुत्री आलेली असतात. पहिला आठवडा जास्तीच्या एका खांबावर घालवा.

बाकीची कारणं थोडक्यात. घरात एक जण नीट करतो आणि दुसरा खेचतो: ताई खाऊ देते, रात्री दादा मोबाइल बघत पट्टा ओढत नेतो. ज्याला अंतर सांभाळणं जमत नाही त्याने काही दिवस नेऊ नये, हे घरात बसून बोलून घ्या. खाऊ फार लवकर बंद केला: मान वळवणं सवयीचं झालं तरी तुकडा अधूनमधून चालूच ठेवायचा, अवघड जागी तर नेहमीच. घर बदललं: प्रतापनगरात शिकलेलं बेसाला नेल्यावर लागू होईल असं कुत्र्याला वाटत नाही, तिथे लांबूनच पुन्हा सुरुवात. आणि वय सहा महिने ते दीड वर्ष असेल तर तो वयाचाच भाग आहे; त्या काळात शिकलेलं कधी दिसतं, कधी दिसत नाही. धीर धरा.

कोपऱ्यावर अचानक समोर आलं तर

यासाठी एक वळण घरात शिकवून ठेवा. हॉलमध्ये चालताना आनंदाने "चल!" म्हणा, उलट फिरा, तो मागे आला की खाऊ. अंगणात, मग रिकाम्या गल्लीत. इतकं करा की शब्द कानावर पडला की पाय आपोआप वळतील. कोपऱ्यावर गाठ पडली की "चल!" आणि सरळ उलटे निघा. वळायला जागा नसेल तर उभ्या कारच्या आड घ्या आणि मूठभर खाऊ जमिनीवर विखरा; नाक खाली गेलं की नजर तुटते. या वेळी भुंकला तरी रागावू नका. शिकवायची ही वेळ नाही, नुसतं बाहेर काढायची आहे.

मोकळं कुत्रं तुमच्याकडे चालत येत असेल तर पळू नका. तुमच्या कुत्र्याला मागे घ्या, स्वतः मध्ये उभे राहा, आणि खाऊची मूठ येणाऱ्याच्या तोंडापुढे फेका. बहुतेक कुत्री थांबून वेचायला लागतात, तेवढ्यात निघून जा. छत्री बरोबर असली तर येणाऱ्याच्या दिशेने उघडून आडोसा होतो, मात्र आधी घरात आपल्या कुत्र्याला छत्री उघडायची सवय लावा. दगड उचलू नका. दगडाने त्या दिवशी पळालेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी तुम्हाला ओळखून लांबूनच भुंकतं, आणि तुमचा त्रास वाढतो.

कानाच्या टोकाला काप असलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं आणि तेव्हा रेबीजची लस दिलेलं. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. माणसाला दात लागला, ओरखडा गेला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. तुमच्या कुत्र्याला चावलं असेल तर त्याची लस वेळेवर झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवा.

स्वतःहून जमत नसेल तर

कुत्र्याचे दात कोणाच्या अंगात रुतले असतील, घरातल्यांवरच फिरत असेल, किंवा पाच खांबांवरूनही खाऊ घेत नसेल, तर एकट्याने करत बसू नका. आधी पशुवैद्य. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की औषधाशिवाय ती शिकण्याच्या अवस्थेतच येत नाहीत. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही. चावण्याची शक्यता असेल तर जाळीदार तोंडपट्टीची सवय लावा. तिच्या आत चिकन ठेवून त्याला स्वतः तोंड घालू द्या, बांधायची घाई नको, आणि ज्यात तोंड उघडून धाप टाकता येईल, पाणी पिता येईल अशीच घ्या. कापडी, तोंड आवळणारी तोंडपट्टी आपल्या उकाड्यात जिवावर बेतू शकते.

ट्रेनर शोधताना एवढंच विचारा: "कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता?" उत्तरात झटका, चेन, दाबून धरणं आलं तर नमस्कार करून परत या. अंतर वाढवतो, सोपं करून देतो, असं काही म्हणाला तर पुढे बोला. "माझ्याकडे आठवडाभर सोडा, सरळ करून देतो" म्हणणाऱ्याकडे सोडू नका; तिथे काय केलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि त्याने शिकवलं तरी तुमच्या गल्लीत, तुमच्या हातात पट्टा असताना शिकवलेलं नसतं. भेटायला जाताना मोबाइलमध्ये एखादा व्हिडिओ न्या. त्यासाठी मुद्दाम दुसऱ्या कुत्र्यासमोर नेऊन भुंकायला लावू नका. फाटकातून निघतानाचा अर्ध्या मिनिटाचा काढा, कुत्र्याचं तोंड आणि तुमचा पट्ट्यावरचा हात दोन्ही दिसतील असा. तेवढ्यावरून जाणकाराला बरंच कळतं.